मेव्हण्याचा दोर

उंबरपाड्यात सोयरीक जमवताना मुलीचं रूप, कामाचा उरक, घरची भातखाचरं हे सगळं मागाहून विचारतात. आधी विचारतात, मुलीला भाऊ किती?

याला कारण आहे. मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे घाट सुरू होतो, आणि घाटाचा उभा कडा थेट पाड्याच्या डोक्यावर येऊन उभा राहिलेला. त्या कड्याच्या पोटाला आग्या मोहळं लागतात. मध काढायला माणूस दोरावर उतरतो आणि वर दोर धरून बसतो तो त्याच्या बायकोचा भाऊ. दुसरा कोणी नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून, बैलावरून, आईच्या चांदीच्या कड्यांवरून कधी ना कधी वाजलेलं असतंच, आणि माणूस खाली लोंबकळत असताना त्याला नेमकं तेच आठवलं तर? मेव्हण्याचं तसं नाही. त्यानं दोर सोडला तर त्याचीच बहीण कपाळ पुसून त्याच्या दारात येणार. कोणा शहाण्यानं कधीतरी एवढा विचार करून ठेवला आणि पाड्यानं तो देवाच्या कौलासारखा पाळला. बाटलीतला मध चमच्यानं खाणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं, आणि असायचं कारणही नाही.

नामा हा असाच एक मेव्हणा. त्याच्या पाठची बहीण सावळी खालच्या आळीतल्या धाकलूला दिली होती. नामा आणि धाकलू लहानपणापासून एकत्र गुरं राखलेले, एकत्र मार खाल्लेले, तेव्हा सोयरीक जमवायला मध्यस्थ लागला नव्हता. लग्नानंतरच्या वैशाखात धाकलू दोरावर उतरला आणि नामा वर बसला, आणि मग दर वर्षी हेच होत राहिलं. घायपाताच्या वाखाचा जाड दोर, नामाच्या आज्यानं वळलेला, नामाच्याच घरी खुंटीला असायचा. तो धरणाऱ्याच्या घरी राहतो, उतरणाऱ्याच्या नाही, हाही रिवाजच.

कड्यावर बोललेलं ऐकू जात नाही. वारा असतो, माश्यांचा घोंघाट असतो. म्हणून बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे काही विचारू नको, वर घे. याशिवाय धाकलूची एक स्वतःची खोड होती. कपारीच्या आत गेला, वरचं आकाश दिसेनासं झालं की तो दोराला हलकाच, नुसता बोट लागावं तसा झटका द्यायचा. त्याचा अर्थ, आहेस का? मग नामानं तसाच हलका झटका परत द्यायचा. आहे. कामाच्या दृष्टीनं याचा उपयोग शून्य. नामा वैतागायचा, वर आल्यावर त्याला शिव्या घालायचा, की अरे मी काय तुला टांगून बाजाराला जाणार आहे का. धाकलू हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करायचा.

दोन हजार एकच्या श्रावणात सावळी गेली.

घाटात श्रावणातल्या रविवारी मुंबईच्या गाड्यांची जत्रा असते. धबधबे बघायला येतात, भिजतात, कणसं खातात. पाड्यातल्या बायका पायवाटेच्या तोंडाशी शेगडी मांडून कणसं भाजत बसायच्या. तिथं गाड्या थांबत नाहीत म्हणून धाकलूनं पुढच्या वळणावर, ओहळाच्या मोरीजवळ, चार मेढी रोवून वर पेंढा टाकून सावळीला आडोसा करून दिला. नामानं तेव्हाच सांगितलं होतं की वरचा कडा सुटा आहे, तिथं बसवू नको. धाकलू म्हणाला, गाड्या तर तिथंच थांबतात. खरंच थांबायच्या. तीन रविवार कणसं पुरली नाहीत. चौथ्या रविवारी दुपारी पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि पाऊस उघडल्यावर डोंगर जसा सैल होतो तसा तो झाला. दगड आले. जेसीबी आला, रस्ता मोकळा झाला, आणि संध्याकाळी त्याच वळणावर दुसऱ्या गाड्या थांबून धबधब्याचे फोटो काढत होत्या. नामानं ते डोळ्यांनी पाहिलं. त्या फोटो काढणाऱ्यांचा त्याला राग आला नाही, त्यांना काय माहीत. राग आला तो धाकलूचा, आणि तो त्याच्या छातीत घर करून बसला.

बाराव्यापासून नामा धाकलूशी बोलला नाही. पाड्यात न बोलणं सोपं नसतं. पाणवठा एक, वाट एक, होळी एक. पण नामानं ते तीन वर्षं निभावलं. समोरून धाकलू आला की तो खाली बघून जायचा. धाकलूनंही कधी हात धरून थांबवलं नाही, खुलासा केला नाही. त्यानं मध काढणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, वर धरायला कोण आहे?

तीन वर्षांनी सरकारला त्या वळणाची आठवण झाली. वळणावरचा ओहळ दर पावसाळ्यात वरून चिखल-दगड घेऊन यायचा, मोरी तुंबायची आणि सगळा लोंढा रस्त्यावरून वाहायचा. आता मोरीच्या जागी उंच पूल बांधायचा होता, म्हणजे ओहळानं खालून काय आणायचं ते आणावं. आणि वरच्या कड्याला लोखंडी जाळी मारायची होती. दिवाळी झाल्यावर काम निघालं. पाड्यातले बरेचजण लागले. नामा पुलाच्या पायात सळया बांधू लागला आणि त्याची बायको रंगू घमेली वाहू लागली.

कामावरचा इंजिनियर शेखर नावाचा, शहापूरजवळच्या सापगावचा, भातशेतीच्या घरातला. इंजिनियर झाला तरी चिखलात पाय घालायला न लाजणारा. रागावला किंवा मनातून काही बोलू लागला की तो साहेबी सोडून सरळ घरच्या बोलीत यायचा. त्याच्यापुढे अडचण होती ती क्रमाची. खाली पुलावर माणसं राबत होती आणि वर कडा तसाच सुटा. आधी कड्यावरचे हलते दगड पहारीनं पाडायचे, मग जाळी सोडायची, मगच खाली जोरात काम धरायचं, आणि हे सगळं पावसाच्या आत. कड्यावर काम करणारी पथकातली माणसं हिमाचलकडून आली होती. पट्टे, कड्या, तारेचे दोर, सगळं त्यांच्याजवळ होतं, आणि काम चोख होतं. पण माणसं कमी पडत होती. शेखरनं पाड्यात विचारलं, कड्यावर उतरायची सवय कोणाला आहे? सगळ्यांनी धाकलूकडे पाहिलं.

धाकलू तयार झाला. शेखरनं त्याला पट्टा बांधून दाखवला, खडकात भोक पाडून सिमेंटात बसवलेला बोल्ट दाखवला, त्याला अडकवलेली तार दाखवली. धाकलूनं सगळं नीट पाहिलं, तार ओढून पाहिली, आणि म्हणाला की चांगलं आहे, पण वरती नामा बसला तरच मी उतरीन, वाखाचा दोर घेऊन.

दुसरा कोणी असता तर हसला असता. शेखर हसला नाही. पाड्यातून त्याला मागचं सगळं कळलं होतं. तो पायाच्या खड्ड्यात उतरला, सळया बांधत बसलेल्या नामाजवळ उकिडवा बसला आणि त्यानं विषय काढला.

नामानं हातातला चिमटा खाली ठेवला नाही. "बोल्ट हाय ना धराला?" तो म्हणाला. "मंग त्यालाच सांगा."

"वजन सगळा तारंवरच हाय रे," शेखर म्हणाला. "तुझ्या दोरावर पाव किलोपन येनार नाय, हे मी तुला लिहून देतो. पन तो मना इंजिनियरचा भरवसा पुरत नाय असा सांगतो, आनि मी त्याला काय सांगू? माझा बाप पन विहिरीत उतरताना काकाला काठावर उभा करतो. काका आंधळा हाय."

नामाला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. नाही म्हणाला. त्या रात्री भाकरी वाढताना रंगूनं विषय काढला. ती सावळीची मैत्रीण होती, तिचा स्वतःचा राग काही कमी नव्हता. पण ती रागाला घरात बसवून जेवू घालणाऱ्यातली नव्हती.

"तुमचा राग तुमच्याजवल ठेवा," ती म्हणाली. "त्याच्याशी बोलू पन नका. पन मी सकालपासून त्या कड्याखाली घमेली वाहते. दगड इचारून पडनार हाये का, खाली कोनाची बायको हाय म्हनून?"

जेवण झाल्यावर नामानं खुंटीवरचा दोर काढला, अंगणात पसरला, आणि चाचपत कुठे वाख सुटलाय का ते बघत बसला. तीन वर्षांत उंदरांनीही त्याला तोंड लावलं नव्हतं. 

कड्याच्या माथ्यावर बसायची जागा तीच, जुनी. उंबराचं खोड, त्याला पाय टेकवायचा, दोर कमरेमागून घ्यायचा. शेजारी आता बोल्ट होते, तारा होत्या, वॉकीटॉकीवर हिंदीत ओरडणारा पथकाचा मुकादम होता. धाकलू आला, पट्टा चढवला, तार अडकवली, मग वाखाच्या दोराचं टोक कमरेला बांधलं. नामानं त्याच्याकडे पाहिलं नाही. धाकलूही काही न बोलता कडेवरून खाली गेला.

मग दोर बोलू लागला. एक हिसका, नामानं सोडला. पुन्हा एक. मग दोन, ओढ. पहारीचा खणखणाट, मग खाली दगड कोसळल्याचा आवाज, मग वळणाच्या दोन्ही बाजूंना अडवून धरलेल्या गाड्यांचे हॉर्न. आळेफाट्याची एसटी थांबलेली असायची आणि तिच्यातले उतारू खाली उतरून वर बघत, वेळेच्या नावानं बोटं मोडत असायचे. ज्यांच्या डोक्यावरचा दगड काढला जात होता तेच सगळ्यात जास्त कुरकुर करत होते, पण हे जगात सगळीकडेच असतं.

नामाला वाटलं होतं की तोंडानं बोलायचं नाही म्हणजे बोलायचंच नाही. पण दिवसभर हातातून त्या माणसाशी बोलणं चाललेलं. दोरावरून त्याला सगळं कळायचं. आता तो डावीकडे सरकला. आता थांबला, तंबाखू मळतोय. आता थकलाय. राग धरायला माणूस लांब असावा लागतो. हा तर रोज सकाळपासून हातात होता. आणि गंमत अशी की दोरावर वजन काहीच नव्हतं. नामाच्या मनात एक-दोनदा आलं, सोडला तर? काय होणार होतं? काहीच नाही, तार होती. धाकलूचा जीव खरंच त्याच्या हातात असता तर सोडायचा विचारही पाप वाटला असता आणि विषय तिथंच संपला असता. इथं सोडायला पूर्ण मोकळीक होती, आणि तरी रोज सकाळी तो उंबराला पाय टेकवून बसत होता. का बसतो, हे त्याला स्वतःला सांगता येईना, आणि त्याचा त्याला राग यायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती तर त्यानं रंगूलाही सांगितली नाही. तो हलका झटका आला नव्हता. धाकलू कपारींत गेला, वरचं आकाश दिसेनासं झालं असेल अशा जागी गेला, पण दोरातून यायचे ते कामाचे हिसके. आहेस का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. बरं झालं, नामा स्वतःला म्हणायचा. आणि म्हणता म्हणता बोटं मात्र दोरावर वाट बघत असायची.

माघ गेला, फाल्गुन गेला. होळीनंतर मोहाची फुलं पडू लागली आणि पाड्यात बातमी आली की धाकलूचं लग्न ठरतंय. कसाऱ्याखालच्या एका पाड्यातली मुलगी, प्रेमा नावाची.

नामाचं डोकं फिरलं. माणसानं दुसरं लग्न करू नये असं तोही म्हणत नव्हता. घरात म्हातारी आई, चूल कोण पेटवणार. पण हे असं? सावळीच्या भावाला वर बसवायचं, त्याच्या हातात दोर द्यायचा, आणि खाली लटकून दुसरीच्या घरची स्वप्नं बघायची? लग्न झालं की दोर नव्या मेव्हण्याकडे जाणार, हेही ओघानं आलंच. मग आत्ताच का नको? त्यानं वाखाचा दोर खांद्यावर टाकला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खालच्या आळीत धाकलूच्या अंगणात शिरला. दारात टाकायचा आणि परत फिरायचं, एवढाच बेत होता.

धाकलू घरी नव्हता. त्याची आई गुणाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं नामाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि काय ते ओळखलं.

"टाक," ती म्हणाली. "टाक तिथं. नायतरी आता या घरात त्याचा काय काम हाय?"

नामा म्हणाला की नवा मेव्हणा येईलच धरायला.

"कंचा मेवना?" गुणाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "चार बहिनी हायत त्या. भाऊ नाय एकपन. मी सांगला त्याला, अरे भावाची बघ, मोहलाचा धंदा हाय आपला. तं म्हनतो, मना भावाची नकोच. आनि लगीन कवा, तं कड्याची जाली पुरी झाल्यावर. ते लोक वैशाखात मागतात, दोनदा निरोप आला, आता मोडतील सोयरीक. याचा एकच म्हनना. लगीन झाला का सावलीच्या भावाचा हात सुटला. त्या वलनावर जाली चढंल ती सावलीच्या भावाच्या हातानं चढंल, नाय तं मना बायको नको." ती थांबली. नाक पदराला पुसलं. "मी तं कंटालली बाबा दोघांना. टाक तो दोर आनि जा."

मोहाच्या फुलांचा गोड उग्र वास अंगणभर होता. बिनभावाची बायको करणं म्हणजे धाकलूनं कड्यावर कायमचं पाणी सोडणं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातात त्याला दोर द्यायचाच नव्हता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, नामाला तर नाहीच, आणि सांगणार तरी कसा, नामा खाली बघून जात होता. त्यानं दोर खांद्यावर सारखा केला.

"उंदीर हायत तुमच्याकडं," तो म्हणाला. "माझ्याच घरी ठेवतो, मावशे."

पुढच्या आठवड्यात काम बरोबर सावळीच्या आडोशाच्या जागेवर आलं. तिथं कडा पुढे झुकलेला आहे आणि त्याच्या पोटात कपार आहे. जाळीचा पट्टा वरून सोडला तर तो कपारीपुढे लोंबतो, खडकाला टेकत नाही. आत जाऊन तो ओढून बोल्टला धरावा लागतो. धाकलू खाली गेला. एक हिसका, सोड. एक, सोड. मग बराच वेळ काहीच नाही. मुकादम वॉकीटॉकीत बोलत होता, खालून पुलावरच्या कामाचा ठोकठोक आवाज येत होता. नामाला ठाऊक होतं धाकलू आता कुठे आहे. त्या कपारीत उकिडवं बसलं की दोन पायांच्या मधून सरळ खाली ती जागा दिसते, जिथं मेढी रोवल्या होत्या.

आणि दोराला बोट लागलं.

इतकं हलकं, की वाऱ्यानंही झालं असतं. नामाला कळलं की वारा नाही. त्याचा हात उठला आणि थांबला. उत्तर द्यायचं म्हणजे काय, हे त्या क्षणी त्याला पुरतं कळत होतं. आहे म्हणायचं म्हणजे तीन वर्षं पुसायची. सावळी शेगडीपुढे डोळे चोळत बसलेली त्याला दिसली, तीन रविवारच्या कणसांच्या पैशातून तिनं नामाच्या पोरीला बांगड्या आणल्या होत्या, तेही दिसलं. तिथं बसायची तिला हौस होती. गाड्या बघायला तिला आवडायचं. हे नामाला तेव्हाही माहीत होतं, आणि धाकलूनं ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. मेलेल्या बायकोवर ढकलून सुटला नव्हता.

मुकादमानं विचारलं की काम का थांबलंय. खालून वॉकीटॉकीवर कोणीतरी सांगितलं, तो माणूस नुसता बसलाय, हलत नाही.

नामानं दोन बोटांनी दोराला झटका दिला. हलकाच. आहे.

थोड्या वेळानं कपारीतून हातोडीचा आवाज येऊ लागला.

संध्याकाळी धाकलू वर आला तेव्हा त्याचं तोंड खडकाच्या भुकटीनं पांढरं झालेलं आणि डोळ्यांखाली दोन ओघळ. नामानं पाण्याची बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि दोर गुंडाळायला घेतला. बोलले ते तेव्हाही नाहीत. तीन वर्षांचं गंजलेलं दार असं एका धक्क्यात उघडत नाही, आणि दोघांनाही घाई नव्हती.

मिरगाच्या आधी जाळी पुरी झाली. पुलाचा स्लॅब पडला, त्या दिवशी शेखरनं सगळ्यांना पेढे वाटले. पुलावरून पहिली एसटी गेली तेव्हा तो वाकून खालच्या पायाकडे असा बघत होता की जणू पोरगं पहिल्यांदा शाळेत चाललंय. त्या जुलैत मुंबई बुडाली. घाटातही कोणी न पाहिलेला पाऊस झाला. ओहळानं झाडं आणली, दगड आणले, चिखल आणला, आणि सगळं पुलाखालून घेऊन गेला. पाऊस उघडल्यावर नामा आणि रंगू वळणावर गेले. जाळीचं पोट भरल्या पोत्यासारखं फुगलं होतं. आत दगड होते, पाटीएवढे, काही त्याहून मोठे. एक एक स्पष्ट दिसत होता. खालून गाड्या जात होत्या. रंगू म्हणाली, धरली की हो जाळीनं. नामानं मान हलवली. त्याला बरं वाटत होतं, पण जाळी चार वर्षं उशिरा आली होती आणि या गोष्टीला कोणाकडेच औषध नव्हतं.

कसाऱ्याखालच्या लोकांनी सोयरीक मोडली नाही. मार्गशीर्षात लग्न धरलं. उंबरपाड्यातून जीप भरून वऱ्हाड गेलं, आणि नामाही गेला. पहिल्या बायकोचा भाऊ दुसऱ्या लग्नाला कशाला, असं काहींनी डोळ्यांनी विचारलं. त्यानं लक्ष दिलं नाही. तो मांडवात मागे, खांबाला टेकून बसला.

लग्न लागलं, हळदीचे हात धुतले, आणि म्हातारा भगत म्हणाला, आता कान पिळायला नवरीचा भाऊ बोलवा. नवरदेवाचा कान पिळून नवरीच्या भावानं त्याला दम द्यायचा, की माझ्या बहिणीला नीट सांभाळ. मांडवात चुळबुळ झाली. प्रेमाच्या बापानं मान खाली घातली. कोणी म्हणालं, चुलतभाऊ आहे पण तो भातसानगरला कामावर अडकलाय. कोणी म्हणालं, मामाच्या पोराला उभा करा. प्रेमा मुंडावळ्यांआड पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तिला हे नवं नव्हतं. भाऊ नाही, हे तिला जन्मभर ऐकवलेलं होतं.

नामा उठला. माणसांच्या मधून वाट काढत पुढे आला, नवरीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि कोणी काही विचारायच्या आत त्यानं धाकलूचा उजवा कान धरला.

त्यानं पिळला तो गमतीत पिळतात तसा नाही. चांगला मुळापासून पिळला. बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. मग तो सोडेना, तसं हसू ओसरलं. धाकलू वाकडा होऊन उभा होता, डोळ्यांत पाणी, पण त्यानं मान सोडवून घेतली नाही.

"धाकल्या," नामा म्हणाला. चार वर्षांत हा पहिला शब्द. "हिला रस्त्याच्या कडंला बसवू नको."

उंबरपाड्याच्या माणसांना सगळं कळलं, कसाऱ्याखालच्यांना काहीच नाही.

"नाय बसवनार," धाकलू म्हणाला.

भगतानं विचारलं की भावाला मान म्हणून काय द्यायचं. गुणाबाई धोतरपान घेऊन पुढे झालीच होती. नामा म्हणाला, मान नको, दोर माझ्या घरी आहे तो तिथंच राहू दे, वैशाखात मोहळं लागतील. आणि कान सोडण्याआधी त्यानं त्याला दोन बोटांनी एक झटका दिला, हलकाच. बघणाऱ्यांना तो पिळण्याचाच भाग वाटला. धाकलूनं मान खाली घातली, नामाचं मनगट धरलं आणि तसाच हलका झटका परत दिला. मग पंगतीची हाक आली आणि सगळे जेवायला उठले.